नेकनूरच्या आत, कोरड्या तलावात सोंगं

जगातल्या अन्यायांची कोणी कधी नोंदवही उघडलीच, तर एक ओळ माझ्यासाठी राखून ठेवावी. नगरच्या स्टँडवर, बस हलता हलता, माझ्या पाण्याच्या बाटलीचं टोपण हातातून निसटलं, सीटखालून घरंगळत पुढे गेलं आणि दाराच्या पायरीवरून उतरून महाराष्ट्रात कुठेतरी स्थायिक झालं. मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आजवर फक्त माझी नणंद पाहत आली आहे.

"टोपणासाठी?"

"टोपणासाठी."

गाडी थांबली नाही. राज्य सरकारने माझं तिकीट बाई म्हणून अर्धं केलं होतं. तक्रारीचं वजनही त्याच हिशेबाने धरलं असावं. अशा रीतीने वय वर्षं एक्कावन्न, उघडी बाटली दोन्ही हातांत कलशासारखी धरून, मी बीड जिल्ह्याकडे निघाले. यंदा पोळा कोरडा गेलेल्या मुलखात, काठोकाठ पाणी घेऊन.

शेजारी कडा गावाला उतरणाऱ्या एक आजी होत्या. खड्डा आला की त्या माझ्याआधी बाटलीला हात लावत.

"सांडू नका ओ बाई. आमच्याकडं आठ दिसाला टँकर येतो."

"मुद्दाम सांडत नाहीये."

"मग पिऊन टाका की."

"तहान नाही."

"मग मला द्या. मला हाय."

त्यांनी बाटली वर धरली, ओठ न लावता चार घोट घेतले, एक थेंब पदरावर पडला तो बोटाने टिपून डोळ्याला लावला आणि बाटली परत दिली. "आता न्हाई सांडायची," त्या म्हणाल्या. खरंच नाही सांडली. काही प्रश्न इतके सोपे असतात की शिकलेल्या माणसाला सुटत नाहीत.

आता निघाले का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका नाट्यशिबिरावर मी लिहायला गेले होते. तिथे बाली बेटावरचे एक वृद्ध नृत्यगुरू मुखवट्यांचं नाट्य शिकवत होते. आम्ही शहरी मंडळींनी वह्या भरल्या. शिबिरात स्वयंपाकाला असलेली कौसल्या मात्र भाकऱ्या थापता थापता दारातून बघायची. गुरूंना मराठी येत नव्हती, तिला मराठीखेरीज काही येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तिच्या पिठाच्या हातात मुखवटा ठेवला. आमच्या वह्या पुढे रद्दीत गेल्या. कौसल्या नेकनूरच्या आतल्या आपल्या गावी गेली, ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांची मंडळी जमवली आणि दर वर्षी टोळ्या निघायच्या आधी एक खेळ करायला लागली. आसपास त्याला 'कौसीची सोंगं' म्हणतात.

यंदा तिचा फोन आला. "ताई, या वर्षी याच. पुढच्या वर्षी असंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

मुखवटे ठेवायला त्यांना गावच्या सेवा सोसायटीचं खताचं रिकामं गोदाम मिळालं होतं. दगडी भिंती, आत गारवा. सोसायटीला आता ते चाऱ्यासाठी हवं होतं. खेळानंतर दोनच दिवसांनी संचालकांची बैठक होती. गोदाम गेलं की मुखवटे पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यात. मंडळी सहा महिने उसाच्या फडात. पत्र्याखाली लाकूड उकलतं, उरलेलं वाळवी बघते. "आल्यावर काय नाचवू ताई, भुसा?"

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुणे-नगर गाड्या सारख्या आहेत. नगरहून कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्याला उतरायचं, तिथून नेकनूरला जीप मिळते. जीपमध्ये नऊ माणसांची जागा असते आणि चौदा माणसं बसल्याशिवाय ती निघत नाही. घाई असेल तर पाच जणांचं भाडं देऊन बघा. मी देऊन पाहिलं. ड्रायव्हरने पैसे घेतले, माझ्याबद्दल आदर व्यक्त केला आणि आणखी पाच जणांची वाट पाहिली.

आष्टीत मी मुद्दाम उतरले. शिपी आमटी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा नियम माझा नाही, जिभेचा आहे. बाजरीची भाकरी कुस्करायची, वर ती झणझणीत आमटी, आणि मग काही वेळ कोणाशी बोलायचं नाही, कारण बोलता येत नाही. बाटली घेऊन मी बाजारातून फिरले. एका लोहाराच्या पालापुढे नवे कोयते उन्हात मांडले होते. शंभरेक तरी असतील. माणसं ते कानाजवळ धरून नखाने वाजवून बघत होती, मडकं बघावं तशी. टिण्ण. पुढचा. टिण्ण. सगळा बाजार बारीक आवाजात वाजत होता. मी तिथे गाडी चुकेपर्यंत उभी राहिले.

आष्टीच्या पुढे मुलूख हळूहळू रंग सोडायला लागतो. आधी हिरवा जातो, मग पिवळा. मग नुसता उजेड उरतो आणि त्यात एकेक बाभूळ. डोळा लागला, उघडला, तरी तीच बाभूळ. मला वाटलं, गाडी उभी आहे आणि जमीन कोणीतरी हळूच पायाखालून ओढून घेतंय.

नेकनूरला कौसल्याचा दीर विष्णू मोटारसायकल घेऊन आला होता. पुढचे सात किलोमीटर त्याच्या पाठीमागे, एका हातात बाटली.

"टोपन कुठंय?"

"नगरला राहिलं."

"मग बाटली कामून आणली बे... आपलं, ताई?"

संध्याकाळी गोदामात शिरले. खताचा वास अजून भिंतीत होता. त्या वासात, खुंट्यांवर, दहा चेहरे टांगलेले. लाल, पांढरे, बदामी. कोणाचे डोळे बारीक, कोणाचे फुटाण्यासारखे बाहेर. दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हाने ते एकामागून एक जागे होत होते. अकरावी खुंटी रिकामी होती.

"ती कोणाची?"

"हसणाऱ्या म्हातारीची," कोपऱ्यातून आवाज आला. "लाकूड न्हाई."

हे दगडूनाना. आयुष्यभर बैलगाड्यांची जुवं आणि पाळणे केले, आता मुखवटे करतात. कौसल्याने बालीचा एकच मुखवटा फोटोत दाखवला होता. नानांनी तो पाहिला आणि म्हणाले, हे तर आपल्या आखाडीच्या जत्रेतलं सोंग, जरा जेवून आलेलं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, म्हणून ते वापरतात. "यंदा पांगारे बी वाळले. वाळले ते सरपनात गेले."

बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या बाटलीकडे होतं. मी ती पायरीवर ठेवून वर वहीचा पुठ्ठा झाकला होता. त्यांनी एक ढलपी उचलली, पटाशीने चार-सहा वेळा फिरवली, बाटलीच्या तोंडाला लावून बघितली, परत तासली आणि तळव्याने ठोकून बसवली. पांगाऱ्याचं बूच. बाटली उलटी केली. थेंब नाही.

"नाना, काय द्यायचं याचं?"

"बुचाचं बी घ्यायला लागलो तर सोंगाचं किती घ्यावं लागंल?" मग माझ्याकडे बघत राहिले. "तुमी हसता ते एका अंगानंच हसता. वाकडं. असलं हसू लाकडात लई टिकतं." जरा थांबून म्हणाले, "द्यायचंच आसंल तर पांगाऱ्याचा ओंडका धाडा तुमच्याकडून. ओला चालंल. वाळवायला हितं कशाची कमी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णूने कपिलधारला नेलं. मी धबधबा पाहायला गेले, तिथे धबधब्याची जागा होती. कातळावर वरून खालपर्यंत एक काळसर पट्टा, पाणी जिथून उतरतं त्याची आठवण. भाविक मात्र नेहमीसारखे येत होते, दर्शन घेऊन त्या पट्ट्याकडेही बघून हात जोडत होते. एक बाई पोराला सांगत होती, "हितं पडतंय बघ." पडतं, पडेल असं नाही. पडतंय. पोरगंही बघत होतं, आणि थोडा वेळ बघितल्यावर मलाही काहीतरी हललेलं दिसलं. उन्हामुळे असेल.

परत आले तर कौसल्या गाईला पाचट टाकत होती. गाईच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. मी मोजल्या नाहीत.

"चेअरमन यायलेत संध्याकाळी," ती म्हणाली. "आप्पासाहेब."

"मग सांग ना त्यांना गोदामाचं."

"काय सांगू? माझी बी गाय हाय ताई. चारा नको कसं म्हणू?" तिने गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "आन् खेळात तर बोलताच येत न्हाई. मी पाहुणा करते. पुरं सोंग. दातात धरायचं आसतंय."

त्यांच्याकडे दोन जातीचे मुखवटे आहेत. अर्धा मुखवटा घातलेला बोलतो, विनोद करतो, कोणाचीही खोडी काढतो. पुरा मुखवटा आतून चामड्याच्या पट्टीने दातांत धरायचा. तो घातलेला मुका. हे बालीचंच. तिथल्या गुरूंनी तिला आणखी एक शिकवलं होतं: घालण्याआधी मुखवट्याकडे बघत बसायचं, उशाशी घेऊन झोपायचं, तो ओळख देईपर्यंत. "सासू म्हनायची, नवरा सोडून लाकूड उशाला घेती. आता तीच इचारती, आज कोन झोपलंय तुझ्यापाशी?"

खेळ दिवस कलताना, गावाबाहेरच्या पाझर तलावात. तलावात म्हणजे तलावाच्या आत. तळ भेगाळलेला, जणू कोणी जमिनीवर मोठाली फरशी बसवून दिली आहे. लोक भिंतीच्या उतारावर बसले, पाणी असतं तर ते गळ्यापर्यंत बुडाले असते. पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या: एक चेअरमन आप्पासाहेबांना, एक मला, पुण्याच्या पाहुणीला. आप्पासाहेबांच्या मागे त्यांचा माणूस शाल-श्रीफळाचं ताट घेऊन उभा. ते माझ्यासाठी होतं. मी चेहऱ्यावर नम्रता आणून ठेवली.

वाद्यं म्हणजे दोरीला टांगलेले कोयते आणि टँकरची वाट बघणारे रिकामे ड्रम. नवरा-बायको समोरासमोर बसून वाजवतात. एकाचा ठोका पडतो त्याच्या फटीत दुसऱ्याचा. एकट्याचं ऐकलं तर नुसतं खटखट. दोघांचं मिळून पाणी वाहिल्यासारखं. फडात एका जोडप्यालाच एक कोयता म्हणतात, अर्धा कोयता टोळीत चालत नाही. कौसल्या म्हणते, बालीचं वाजवणंही असंच, अर्धं याचं, उरलेलं त्याचं. ते तिला शिकवावं लागलं नाही.

मग खताच्या पोत्यांचे झालरदार अंगरखे घालून सोंगं आली. विष्णू अर्ध्या मुखवट्यात चेअरमन झाला होता, भलं मोठं नाक, पोटाला उशी.

"सर्वसाधारण सभा सुरू! विषय पहिला, मागच्या सभेचा चहा कोण पिलं?"

उतारावर हशा. खरे आप्पासाहेबही हसले, म्हणाले, "नाक जरा जादा केलंय."

तेवढ्यात पांढरा मुखवटा घालून, धुळीने माखलेला, हातात रिकामा तांब्या, पाहुणा आला. कौसल्या. मी तिला ओळखत होते तरी ओळखू शकले नाही. ती चालत नव्हती, तिच्याखालून जमीन सरकत होती. बोटं अशी थरथरत होती जशी लांबवरून उन्हात झाडाची पानं दिसतात.

"सभासद नंबर?" विष्णू.

पाहुणा गप्प.

"यादीत नाव?"

गप्प.

"नाव न्हाई, नंबर न्हाई. सभा संपू दे, मग बघू. चला, व्हा भायेर!"

पाहुणा गेला. तो गेल्यावर मंडळीतल्या दोघींनी तळात पाणी म्हणून पसरलेली निळी नऊवारी एका टोकाने गुंडाळायला घेतली. सावकाश. निळं सरकत गेलं आणि त्याच्याखालून तळाच्या भेगा निघत गेल्या. शेवटची वीतभर उरली तेव्हा मागे कोणीतरी मोठा श्वास घेतला. ही गोष्टही बालीची आहे: दारातून हाकललेल्या पाहुण्याने पाठ फिरवली आणि मुलूख वाळला, त्याला मानाने परत आणावं लागलं. पण इथल्या सोंगांची एक अडचण झाली. हाक कशी मारायची? नाव लिहूनच घेतलं नव्हतं.

"लोकहो," नाक पुसत विष्णू उताराकडे वळला, "तुमीच मारा बाबा हाक. कुनाच्या तरी नावाला ओ देईल."

एका म्हाताऱ्याने मारली. "शिवाजीऽऽ!" दुसरीकडून, "मंदेऽऽ!" मग सगळीकडून. बाळू. सुमन. अंकुश. मुंबईला गेलेले, चाकणला गेलेले, फडातून परत न आलेले. नावं तलावभर फिरत राहिली, समोरच्या भिंतीला लागून परत येत राहिली. माझ्याही तोंडातून एक निघालं. कोणाचं, ते इथे लिहीत नाही.

मावळतीकडच्या भिंतीवर पाहुणा उभा होता. उन्हाला पाठ करून. तो उतरून आला आणि थेट माझ्यासमोर थांबून तांब्या पुढे केला.

माझ्या मांडीवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली. मी बूच ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, दाताने ओढलं. लाकूड फुगलं होतं. मुखवट्याच्या भोकांतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते, घाई न करता. मग तांब्या माझ्यासमोरून रिकामा पुढे गेला.

आप्पासाहेबांसमोर.

त्यांच्याकडे पाणी नव्हतं. पण चाळीस वर्षं सहकारात काढलेला माणूस. समोर पाहुणा म्हणून कोणी येऊन उभं राहिलं की जे होतं तेच झालं: ते उठले, टोपी सारखी केली, मागे हात केला. मागच्या माणसाने ताट पुढे केलं. आप्पासाहेबांनी शाल उलगडून पाहुण्याच्या धुळीच्या खांद्यावर घातली, नारळ तांब्यावर ठेवला आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत बोलायलाही लागले. "आजपासून हे आपल्या संस्थेचे पाहुणे. संस्था यांच्या पाठीशी खंबीरपणे..."

आणि थांबले. कोणाशी बोलतोय, ते त्यांना तेव्हा कळलं.

कौसल्या नारळ ठेवलेला तांब्या धरून उभी होती. तिला बोलता येत नव्हतं, दात मुखवट्यात. शाल हलत होती तेवढीच.

"आप्पा," वाजवणाऱ्यांच्या मागून दगडूनाना म्हणाले, "शाल घातलेल्या मानसाला संस्थेतून काढत न्हाईत."

"नाना, ही बी बालीची चाल का?"

"न्हाई बाबा. ही आपल्या सोसायटीची."

आप्पासाहेबांनी टोपी काढली, डोक्यावरचा घाम पुसला. "चारा कुठं ठिवू मग? जनावरं मरायलेत."

"चारा खाली रचा," विष्णू म्हणाला. नाक अजून त्याच्या तोंडावर होतं, पण आवाज त्याचा होता. "सोंगं वर खुट्ट्यांवर ऱ्हातील. ती काय चारा खात न्हाईत."

बराच वेळ आप्पासाहेब मुखवट्याकडे बघत राहिले, गुरूंनी सांगितलं होतं तसे. "किल्ली नानापाशी ऱ्हाईल," ते अखेर म्हणाले. "परवा ठरावात घालतो. आन् पेंढीला काडी लागली तर मी कुनाचं सोंग बघनार न्हाई."

कौसल्याने मुखवटा काढला तेव्हा पट्टीवर दातांच्या खुणा खोल उमटल्या होत्या. ओठाच्या कोपऱ्यात रक्ताची बारीक रेघ. ती हसली, थुंकली आणि म्हणाली, "ताई, तुमची शाल गेली."

गेली. टोपणापाठोपाठ. माझी कोणाकडे तक्रार नाही.

तिसऱ्या दिवशी निघाले. गोदामापुढे पहिली पेंढ्यांची गाडी रिकामी होत होती. आत दहा चेहरे वरून बघत होते, आणि हिरव्या वासाने त्यांचा रंग जरा बदलल्यासारखा वाटत होता. चार दिवसांनी टोळी निघणार होती. बस नगरला पोचेपर्यंत बूच आपोआप सैल झालं. तोपर्यंत मागायला कोणी नव्हतं.

जाणार असाल तर टोळ्या निघायच्या आधी जा. राहायला कोणीतरी घरात घेतं. पाणी आपलं न्या आणि परत आणू नका.

घरी आले. आमचीही सहकारी संस्थाच आहे, गृहनिर्माण. तिची सेक्रेटरी मी. फाटकाजवळ एक पांगारा होता. दर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची लाल फुलं गाड्यांच्या टपांवर पडतात, या तक्रारीवरून तो तोडायच्या ठरावावर महिन्यापूर्वी मी सही केली होती. मी बीडमध्ये असताना ठरावाची अंमलबजावणी झाली. ओंडके कचऱ्याच्या डब्यांपाशी रचले होते.

मी त्यातला सरळ धाग्याचा, गाठ नसलेला एक निवडला. वॉचमनने आणि मी मिळून तो रिक्षात घातला. एसटीच्या पार्सल खिडकीवरच्या माणसाने विचारलं, आत काय. मी म्हटलं, लाकूड. तो म्हणाला, एवढ्या लांब लाकूड? मी हसले. एका अंगाने हसले असणार.

नेकनूर, दगडूनाना, असं खडूने ओंडक्यावरच लिहिलं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात संस्थेचं नाव घातलं, पावती बाटलीभोवती गुंडाळली आणि बूच पक्कं बसवून घरी आले.